आजोळचा ळ

आमच्या आजीचं ठाम मत होतं की रेल्वेला ळ लिहिता येत नाही. इंदूरच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत उभी राहिली की ती पाट्या वाचायची, मास्तरीणबाईंनी वह्या तपासाव्यात तशी. 'मालवा' वाचलं की म्हणायची, चूक. 'कालाकुंड', चूक. 'पातालपानी', दोन चुका. अमळनेरची चौथी पास झालेली बाई. सोळाव्या वर्षी लग्न होऊन इंदूरला आली ती इथलीच झाली, पण गावाच्या नावाचा ळ तिनं शेवटपर्यंत सोडला नाही. हिंदीत ते अक्षरच नाही, हे बाबांनी तिला कितीदा तरी समजावलं. तिचं म्हणणं एकच. "नसू दे की. पण होळकर आपले, माळवा आपला. पाहुण्याचं नावसुद्धा नीट लिहितात, मग घरच्यांचं का नाही?"

आता साठी ओलांडल्यावर कळतं, की आजी पाट्यांवर चिडत नव्हती. तिला माहेरी जायचं असायचं, आणि माहेर फार वळणं घेऊन यायचं.

पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'इंदौर' लिहिलंय, आणि घरात आम्ही इंदूर म्हणतो. रामबागेत आमच्या गल्लीतली अर्धी घरं अजून इंदूर म्हणतात, उरलेल्या अर्ध्यांतली मुलं बंगलोर म्हणतात. फेरफटका मारताना मी बरेचदा शास्त्री पुलापर्यंत जातो. पुलावर उभं राहिलं की खाली रूळ पसरलेले दिसतात, एका अंगाला गांधी हॉलचं घड्याळ. १९०४ साली बांधला तेव्हा तो किंग एडवर्ड हॉल होता. आमचे आजोबा त्याला घंटाघरच म्हणत. स्टेशनाला तोंडं दोन. सियागंजच्या बाजूनं शिरलात तर हळद-मिरची-धण्याचा वास अंगाला चिकटूनच गाडीत चढतो. सरवटे बसस्थानकाच्या बाजूनं शिरलात तर आधी पोह्यांची वाफ लागते. तिथे भल्या पहाटे उसळ-पोहे मिळतात. हातगाडीवर मात्र 'उसल पोहा' लिहिलेलं असतं. उसळीचा ळसुद्धा त्या पातेल्यावर वाफ होऊन उडाला. शिवाय इथे पोहा एकवचनी. पुण्याची पाहुणी मंडळी यावर हसतात आणि दुसरी प्लेट मागवतात.

टिळकांचंच बघा. इंदुरात एक वसाहत आहे, तिचं नाव तिलक नगर. आजीला ते कधीच पटलं नाही. पुढे महूच्या वाटेवर रेल्वेनं स्टेशनाला लोकमान्यनगर नाव दिलं, तेव्हा तिनं समाधानानं मान हलवली. "हे बरं केलं. वादच मिटला."

तर होळकर. इंदूरच्या मराठी माणसाला रेल्वेचा विषय काढला की दोन मिनिटांत तो तुकोजीरावांच्या कर्जावर येतो, मीही येतो. महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, माझ्या राजधानीपर्यंत रेल्वे आणा म्हणून. मुदत १०१ वर्षं, व्याज साडेचार टक्के. राजानं सरकारला व्याजानं पैसे द्यावेत आणि मुदतीत वरचा एक शकुनाचा धरावा, हे मला फार आवडतं. लग्नाच्या आहेराच्या पाकिटासारखं वाटतं. १८७० मध्ये १०१ मिळवले की १९७१ येतं. त्याच वर्षाच्या शेवटी राजेरजवाड्यांचे तनखे बंद झाले. इतिहासाला असले हिशेब जुळवायची हौस असते.

मुंबईहून जबलपूरकडे जाणारी मोठी लाइन खांडव्यावरून जात होती, तिथून इंदूरला फाटा काढायचं ठरलं. मध्ये नर्मदा, आणि नर्मदा ओलांडली की समोर विंध्याचा कडा. खर्च आणि घाट दोन्ही बघता मोठे रूळ परवडणारे नव्हते, म्हणून मीटर गेज घेतलं. खांडवा ते सनावद हा पहिला तुकडा १ डिसेंबर १८७४ ला सुरू झाला. नर्मदेवरचा पूल १४ गाळ्यांचा. तो ५ ऑक्टोबर १८७६ ला खुद्द तुकोजीरावांनी खुला केला. मग घाटातले बोगदे, आणि चाळीस फुटांमागे एक फूट असा चढ. नाव 'होळकर स्टेट रेल्वे'. पुढे काही वर्षांतच ती राजपुताना-माळवा रेल्वेत मिसळली, मग बीबीसीआय म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेकडे गेली आणि १९५१ मध्ये पश्चिम रेल्वे झाली. म्हणजे आमच्या स्टेशनाचं मुख्यालय चर्चगेटला, मुंबईत. साहेब मुंबईत बसतात आणि मुंबईला जायची सरळ वाट मात्र नाही, हे आमचं जुनं दुखणं.

मीटर गेज म्हणजे रुळांत एक हजार मिलिमीटर अंतर. ब्रॉड गेज म्हणजे एक हजार सहाशे शहात्तर. फरक सहाशे शहात्तर मिलिमीटरचा, जेमतेम सव्वादोन फूट. त्या सव्वादोन फुटांनी आमच्या घरच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक शंभर वर्षं ठरवलं. लहान रुळांवरून आलेली गाडी मोठ्या रुळांवर जात नाही, म्हणून खांडव्याला उतरायचं, सामान उतरवायचं आणि गाडी बदलायची. 'खांडव्याला बदलायची' हे वाक्य इंदूरच्या मराठी घरांत इतक्या वेळा बोललं गेलंय, की मला लहानपणी वाटायचं खांडवा हे गावच नाही, काहीतरी बदलायची जागा आहे, न्हाणीघरासारखी.

वऱ्हाडातल्या लोकांची गोष्ट वेगळी होती. खांडव्यापासून अकोल्यापर्यंतचा मीटर गेज दुवा स्वातंत्र्यानंतर जोडला गेला आणि मेळघाटातल्या जंगलातून इंदूरची गाडी थेट अकोला, वाशिम, हिंगोली, पूर्ण्यापर्यंत जाऊ लागली. समोरच्या वाड्यातले अकोल्याचे कुटुंब इंदूरला बसायचं ते अकोल्यालाच उतरायचं. आई त्यांचा हेवा करायची. तिचं माहेर धुळ्याचं.

इंदूरहून धुळे रस्त्यानं अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आग्रा-मुंबई रोड सरळ तिकडेच जातो. पण आजीला बस लागायची. मानपूरचा उतार सुरू झाला की तिचा चेहरा पांढरा, हातात लिंबू, आणि सेंधव्यापर्यंत ती कुणाशी बोलायची नाही. म्हणून आम्ही सगळे रेल्वेनं. इंदूर ते खांडवा छोटी गाडी, खांडव्याहून चाळीसगाव मोठी गाडी, आणि चाळीसगावहून धुळ्याला जाणारा फाटा. पाच-सहा तासांच्या वाटेला सबंध रात्र आणि वर अर्धा दिवस. सामान म्हणजे एक वळकटी, एक ट्रंक, पितळी डबा, सुरई आणि पिशव्या. पिशव्या किती ते बाबा दर स्टेशनाला मोजायचे आणि दरवेळी आकडा वेगळा यायचा.

महू सोडलं की आम्ही पोरं खिडकीला. पाताळपाण्याला गाडी थांबायची. तिथे इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या टंट्या भिल्लाचं ठाणं आहे. इंग्रजांनी १८८९ मध्ये त्याला जबलपूरला फाशी दिली आणि देह इथे रुळांपाशी आणून टाकला, असं सांगतात. त्याला मान दिल्याशिवाय गाडी घाटात घालत नाहीत, अशी त्या भागातली समजूत. उतार लागण्याआधी ब्रेक तपासायला गाडी तशीही थांबवावीच लागे, असं बाबा हळूच म्हणायचे. आजी दोन्ही कारणं मान्य करायची आणि हात जोडायची. मग बोगदे. बोगद्यात शिरताना ओरडायचं हे ठरलेलं, आणि बाहेर आल्यावर कुणाच्या तरी डोळ्यात कोळशाचा कण गेलेला असायचा हेही ठरलेलं. आई पदराचा बोळा करून त्यावर फुंकर घालून डोळा शेकायची. खाली काळाकुंड. तिथे पळसाच्या पानांतून कलाकंद मिळायचा. परतीच्या वाटेवर इथेच मागून दुसरं इंजिन जोडलं जायचं, चढावर ढकलायला, आणि त्या वेळात आम्ही दुसऱ्यांदा कलाकंद खायचो. कलाकंदात ल आहे याला आजीची हरकत नव्हती. गोड पदार्थांना तिच्याकडे माफी होती.

नर्मदा आली की डब्यातली बोलणी आपोआप थांबायची. पाच पैसे, दहा पैसे खिडकीच्या गजांतून खाली जायचे. नाणं पुलाच्या लोखंडावर आपटून टण्णकन वाजलं तर वाईट वाटायचं, सरळ पाण्यात गेलं तर बरं. मी बहुतेक वेळा लोखंडावरच आपटवलं.

खांडव्याला संध्याकाळ व्हायची. हमालांचा आणि बाबांचा ठरलेला वाद, पूल चढून पलीकडे जाणं, आणि मग मोठ्या लाइनीच्या फलाटावर वळकटी पसरून पाच-सहा तास. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं. लोणच्याच्या तेलाचे डाग पडलेला तो एक सतरंजीचा तुकडा आमच्या माळ्यावर अजून आहे. मोठी गाडी यायची ती मुळातच भरून आलेली. आधी मला खिडकीतून आत ढकलायचे, मी एक रुमाल टाकून जागा धरायची. रुमालाला त्या काळी मान होता.

आणि पहाटे केव्हातरी आजी हलवून उठवायची.

"ऊठ. ळ आला."

बाहेर दिव्याखाली पाटी असायची. भुसावळ. मराठी वर, हिंदी खाली. एकाच पाटीवर 'भुसावळ' आणि 'भुसावल'. आजी वरच्या ओळीकडे बोट दाखवायची, खालची तिला दिसायचीच नाही. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटायचं नाही, झोप मोडल्याचा राग यायचा. मग जळगाव. तिथे आजी आणि बाबा उतरायचे, अमळनेरची गाडी धरायला. मग चाळीसगाव. मग धुळे. खानदेश म्हणजे ळ चं कोठार आहे, नकाशा काढून बघा. आमच्या शेजारच्या हिंदीभाषक काकूंना 'जळगाव' म्हणता यावं म्हणून आईनं एकदा सबंध दुपार घालवली. 'जडगाव', 'जरगाव' झालं, शेवटी काकू म्हणाल्या, "भाभी, तुम केले ही भेज देना, नाम में क्या है."

'आजोळ' हा शब्दच बघा ना. त्याच्या शेवटी जीभ वळते आणि टाळूला लागून परत येते, जसं माणूस जातो आणि परत येतो. हिंदीतल्या 'ननिहाल'मध्ये ते नाही. असो. मी भाषेचा माणूस नव्हे, चाळीस वर्षं हिशेबाच्या वह्यांत गेली.

मधल्या काळात मोठे रूळ उत्तरेकडून इंदूरला पोचले होते, देवास-उज्जैनच्या बाजूनं. गाड्यांच्या याद्यांत आमचं स्टेशन बराच काळ 'इंदूर जंक्शन बीजी' असं यायचं. कोडही आयएनडीबी, शेवटचा बी ब्रॉड गेजचा. जणू एकाच नावाची दोन माणसं एका घरात राहतात म्हणून टपालवाल्यानं खूण केलेली. एका अंगाला छोटी लाइन, दुसऱ्या अंगाला मोठी. मोठ्या लाइनीवरून अवंतिका एक्सप्रेस मुंबईला जाऊ लागली आणि खांडव्याचं बदलणं संपलं. पण गंमत बघा. मुंबई इंदूरच्या नैर्ऋत्येला, आणि गाडी निघते ती उत्तरेकडे तोंड करून. देवास, उज्जैन, नागदा, रतलाम, दाहोद, गोध्रा, बडोदा, सुरत, असं सगळं गुजरात दर्शन करून सकाळी मुंबई सेंट्रल. रस्त्यानं सहाशे किलोमीटरच्या आत असलेलं अंतर रुळांवर आठशेच्या पार जातं. पुण्याची गाडीसुद्धा त्याच वाटेनं, वसईपाशी वळून कल्याणमार्गे. हल्ली वंदे भारत नागपूरला जाते, तीही भोपाळ-इटारसी करून. आमच्या मुलीचं सासर पुण्याचं. ती लहान असताना मी तिला एकदा नकाशात वाट दाखवली. तिनं विचारलं, "बाबा, आपण लपतछपत का जातो?"

या वाटेवर आजीचं काम संपलं होतं. दाहोदपासून पुढे गुजराती पाट्या. गुजरातीत ळ आहे, ठसठशीत आहे, पण तो आजीच्या हिशेबात नव्हता.

छोटी लाइन मग तुकड्यातुकड्यानं गेली. इंदूर-महूचे रूळ पंधरा-सोळा साली बदलले. अकोला-खांडवा २०१७ च्या सुरुवातीला बंद झालं, पुढे मेळघाटच्या वाघांवरून वाद. महू ते ओंकारेश्वर रोड हा शेवटचा तुकडा २०२३ च्या सुरुवातीला थांबला. आता पाताळपाणी ते काळाकुंड एवढीच हेरिटेज गाडी उरलीय, २०१८ च्या नाताळात सुरू झालेली. मोठ्या काचा, पावसाळ्यात धबधबा बघायला येणारी गर्दी. मी एकदा नातवाला घेऊन गेलो. बोगद्यात तो ओरडला नाही, फोनवर शूटिंग करत होता. काळाकुंडला कलाकंद घेतला, चव तीच. गाडी तिथूनच परत फिरली. तिथे माझ्या पोटात काहीतरी हललं, कारण त्या गाडीनं तिथून परत फिरणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. काळाकुंडाहून गाडी पुढे जाते, नर्मदेकडे, एवढंच मला ठाऊक.

स्टेशनबाहेरच्या वाहनांचं सांगायला बसलो तर वेगळा लेख होईल. टांगे होते, मग काळेपिवळे टेम्पो आले, मग 'नगर सेवा' नावाच्या मिनीबस, ज्यांत कंडक्टर दारात लटकून सबंध शहराची नावं एका श्वासात म्हणायचा. मग मॅजिक नावाच्या छोट्या व्हॅन, मग २०१३ मध्ये एबी रोडवर, म्हणजे त्याच आग्रा-मुंबई रोडवर, आयबस या शहर बसचा स्वतंत्र मार्ग. तो साडेअकरा किलोमीटरचा मार्ग २०२५ मध्ये हायकोर्टाच्या हुकमानंतर उखडायला लागले. त्याच वर्षी ३१ मे ला, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीला, मेट्रो सुरू झाली, पण ती सुपर कॉरिडॉरवर, गावाबाहेर. माझ्या मते उलटं झालं. जिथे माणसं उतरतात तिथून सुरुवात करायची सोडून जिथे प्लॉट आहेत तिथून केली. विमानतळावर बाईंचं नाव आहे, 'देवी अहिल्याबाई होलकर'. सायन्स कॉलेजही होलकर, क्रिकेटचं स्टेडियमही होलकर. नीरेच्या काठच्या होळ गावावरून पडलेलं हे आडनाव. ळ काढला तर गावच पुसलं जातं. हे मी एकदा कॉलेजातल्या ओळखीच्या प्राध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, "भिया, आप लोग भी ना." यावर इंदुरात उत्तर नसतं.

सरवटे बसस्थानक मात्र सांगायलाच हवं. स्टेशनातून निघालात की पाच मिनिटांत तिथे. नाव तात्यासाहेब सरवट्यांचं, विनायक सीताराम सरवटे, घटना समितीचे सभासद; बालशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या शालिनीताई मोघे त्यांच्याच कन्या. मध्य प्रदेशानं आपलं सरकारी परिवहन महामंडळ २००५ च्या सुमाराला गुंडाळलं. तेव्हापासून इथे सगळ्या खाजगी बसगाड्या, देवदेवतांची नावं, काचेवर शेर. त्या सगळ्यांत मध्येच एक लाल गाडी लागलेली असते, महाराष्ट्राची एसटी. पाटीवर मराठीत गावाचं नाव. इंदूर स्टेशनात दीडशे वर्षांत जे अक्षर आलं नाही ते शेजारच्या बसस्थानकात रोज सकाळी उभं असतं. अमळनेर.

आजी शेवटच्या वर्षांत फारशी बाहेर पडत नसे. एकदा दवाखान्यातून परत आणताना रिक्षा सरवट्यापाशी सिग्नलला थांबली आणि तिला ती पाटी दिसली. म्हणाली, "अगं बाई, ही सारखी इथं असते?" बाबा हो म्हणाले. "आणि मला सांगितलं नाहीत." तिला बस लागते, हे कारण त्या क्षणी कुणालाच पुरेसं वाटलं नाही.

१८ जुलै २०२२ ला सकाळी इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटला पुलाचा कठडा तोडून नर्मदेत गेली. त्या दिवशी रामबागेत संध्याकाळपर्यंत फोन चालू होते. आमचं कुणी नव्हतं. असं म्हणायचीही लाज वाटते, कारण जे होते तेही त्याच पाटीखाली उभं राहून चढले होते. तेव्हापासून खलघाट आला की मी खिडकीतून नाणं टाकत नाही, हात बाहेर काढतच नाही, नुसता बघतो.

आता मनमाड. इंदूर-मनमाड रेल्वे हा आमच्याकडे लग्न न जमलेल्या मुलाचा विषय होता. दर निवडणुकीला स्थळ यायचं, पत्रिका जुळायची, पुढे काही व्हायचं नाही. बाबा पेपरातली कात्रणं एका पाकिटात ठेवत. पाकीट फाटलं तेव्हा दुसरं केलं. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, तीस नवी स्थानकं. नाशिक, धुळे, बडवानी, खरगोन, धार, इंदूर. २०२८-२९ पर्यंत पूर्ण करायचं म्हणतात. मी बाबांचं पाकीट काढलं आणि ते कात्रण शेवटी लावलं. आता भूसंपादनाच्या बातम्या येतात. कुणाच्या शेतातून जाणार, कुणाच्या नाही. एक कोटीत आणि नर्मदेवरच्या १४ गाळ्यांत जे झालं त्याचा दुसरा भाग लिहायला दीडशे वर्षं लागली.

त्या रात्री धुळ्याहून मामेबहिणीचा फोन. "दादा, आता थेट गाडी. सकाळी बसायचं, जेवायला इकडे." मी हो-हो म्हणालो. ती बोलत होती आणि मी मनात माणसं मोजत होतो, बाबा पिशव्या मोजायचे तशी. मामा गेले. धाकटे मामा नाशिकला मुलाकडे. चार नंबरच्या गल्लीतलं घर, जिथे जिन्याखाली आम्ही आंबे पिकत घालायचो, ते विकून तिथे मोबाइलचं दुकान झालं. बहीण तीन मुलींची लग्नं करून मागच्या वर्षी देवपुरात फ्लॅटमध्ये गेली. उरली मामी. गाडी येईल तेव्हा मामी नव्वदीला टेकलेली असेल.

म्हणून ठरवलं की रुळांची वाट बघायची नाही. गेल्या माघात, मामीच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला निघालो. बरोबर दोन किलो शेव, लवंगवाली, आणि पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याची पुडी. बायको म्हणाली, रात्रीच्या एसी गाडीनं जा, झोपून जाता येतं. मी म्हटलं, नको, एसटीनं जाईन. साडेसहाला सरवट्यावर पोचलो. धुकं होतं, पोह्यांची वाफ त्यात मिसळलेली. दोन-तीन लाल गाड्या लागलेल्या, एकीची पाटी अजून आतच होती. दाराशी कंडक्टर मफलर गुंडाळून चहा पीत उभा.

मी घाईत होतो. पिशव्या हातात होत्या, वयही आहे. तोंडातून सवयीनं निघालं ते निघालं.

"भैया, धुले जाएगी?"

"जाएगी, जाएगी. बैठो बाबूजी."

मी चढलो. खिडकी धरली, शेव मांडीवर घेतली. गाडी सुटली, राजेंद्रनगर गेलं, राऊ आलं. कुठेतरी उजव्या हाताला महूचे रूळ असणार होते, धुक्यात दिसत नव्हते. कंडक्टर मशीन घेऊन एकेका सीटवर येत होता. समोरच्या बाईनं 'दोन शिरपूर' मागितले. माझ्यापाशी आला.

"एक धुळे," मी म्हणालो. "पूर्ण. म्हणजे ज्येष्ठ आहे मी, पण कार्ड महाराष्ट्राचं नाही."

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"अहो काका, मग आधी का नाही बोलला?"

त्यानं तिकीट फाडून दिलं आणि पुढच्या सीटकडे वळला. गाडी मानपूरच्या उताराला लागली होती.